कासव आणि घड्याळ: रॉयस ग्रेसी विरुद्ध वालिद इस्माईल, १९९८

डिसेंबर १९९८. रिओ द जनेरो, कोपाकबानाचा किनारा. मॅटवर दोन ब्लॅक बेल्ट, दोघांच्या अंगात गी, म्हणजे जाड कापडाचा, कॉलरवाला कुस्तीचा पोशाख. एक रॉयस ग्रेसी, ज्याच्यामुळे निम्म्या जगाला जिउ-जित्सू हा शब्द कळला, म्हणजे जमिनीवर लोळवून गळा नाहीतर सांधा आवळण्याची ब्राझीलमधली कुस्ती. दुसरा वालिद इस्माईल, ॲमेझॉनच्या जंगलातल्या मानाउस शहरातून आलेला, कार्लसन ग्रेसीचा पठ्ठा. गुण मोजायचे नाहीत, घड्याळ लावायचं नाही. एकाने हार मानावी किंवा शुद्ध हरपावी, तेव्हाच कुस्ती सुटणार. पाच मिनिटं पुरी व्हायच्या आत सुटली. रॉयसने टॅप केलाच नाही, म्हणजे हार मानल्याची थाप मारलीच नाही. वालिदने त्याला त्याच्याच कॉलरने झोपवलं, म्हणजे बेशुद्ध केलं.

आमच्या मॅटवर दर दोन-तीन महिन्यांनी एक वाद निघतो: जिउ-जित्सू करायचं ते स्पर्धेसाठी की स्वसंरक्षणासाठी? आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक हीच लढत पुराव्याला काढतात. स्पर्धावाले म्हणतात, बघा, रस्त्यावरच्या मारामारीचा बादशहा खऱ्या स्पर्धकापुढे पाच मिनिटं टिकला नाही. स्वसंरक्षणवाले म्हणतात, ठोसे मारायला परवानगी असती तर वालिद त्याच्या जवळ तरी आला असता का? माझ्या मते दोघंही सोयीचं तेवढंच बघतात. ही लढत नीट उलगडली तर तिच्यात तिसरंच काहीतरी सापडतं.

आधी रॉयस तिथवर कसा आला ते बघू.

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, म्हणजे सगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांची जवळपास बिननियमांची स्पर्धा. आठ लढवय्ये, एका रात्रीत विजेता, बक्षीस ५०,००० डॉलर. चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, याखेरीज जवळपास सगळं चालणार होतं. आयोजकांपैकी एक रॉयसचा थोरला भाऊ रोरियन. घरात हिक्सनसारखा जास्त तगडा भाऊ असताना त्याने मुद्दाम रॉयसला उतरवलं, कारण रॉयस दिसायला काडीपैलवान. उंच, सडपातळ, वजन ८० किलोच्या आसपास. दंड थोपटून भीती वाटावी असं त्याच्यात काहीच नव्हतं, आणि रोरियनला तेच दाखवायचं होतं.

त्या रात्री रॉयसने तिघांना हरवलं. बॉक्सर आर्ट जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता, तो माउंटखाली, म्हणजे पोटावर बसलेल्या रॉयसखाली, सापडल्यावर काही न होताच टॅप करून मोकळा झाला. केन शॅमरॉकला त्याने गीच्या बाहीचा आधार घेऊन गळफास दिला. फायनलला जेरार्ड गोर्डो. तो नियम धाब्यावर बसवून रॉयसच्या कानाला चावला आणि वर रॉयसच्या हातून स्वतःचाच गळा आवळून घेतला. तिन्ही लढतींचा वेळ एकत्र केला तरी पाच मिनिटं भरत नाहीत. पाच वर्षांनी कोपाकबानाला हरायलाही त्याला जेमतेम तेवढाच वेळ लागला. आकड्यांचा योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही.

त्या काळातल्या त्याच्या लढती आज पाहिल्या तर कळतं की तो नेहमी एकच सरळ गोष्ट करत होता. लांब असताना लाथ मारून अंतर राखायचं, मग एकदम जवळ शिरून मिठी मारायची, खाली पाडायचं, वर बसायचं. समोरचा ठोसे चुकवायला पाठ फिरवतो, मग पाठीवर चढून गळा. खाली सापडलाच तर पाय समोरच्याच्या कमरेभोवती गुंडाळून गार्डमध्ये पडून राहायचं आणि वाट बघायची. डिसेंबर १९९४ मध्ये डॅन सेव्हर्न हा त्याच्याहून कितीतरी वजनदार पैलवान जवळपास पंधरा मिनिटं त्याच्यावर बसून होता. रॉयस खालून शांतपणे वाट बघत राहिला आणि शेवटी पायांच्या त्रिकोणात त्याचा गळा अडकवला.

हे सगळं त्याच्या वडिलांचं, एलिओ ग्रेसींचं शिक्षण. एलिओ अंगाने किरकोळ. त्यामुळे त्यांच्या जिउ-जित्सूचा पाया असा की आधी हरायचं नाही, तग धरायचा, समोरच्याला दमू द्यायचं, त्याने चूक केली की गळा नाहीतर हात घ्यायचा. या पद्धतीला घड्याळ परवडत नाही. एप्रिल १९९५ मध्ये यूएफसीत वेळेची मर्यादा आली, शॅमरॉकशी दुसरी लढत ३६ मिनिटं चालून बरोबरीत सुटली आणि दोघं भाऊ तिथून बाहेर पडले. म्हणूनच वालिदशी लढताना रॉयसच्या बाजूने अट घातली ती गुण नको, वेळ नको अशी. वालिदने याआधी ग्रेसी घराण्यातल्या राल्फ आणि रेन्झोला हरवलं होतं. गुणांवर निसटता निकाल लावून घ्यायचा नव्हता. आपल्या घरचा आखाडा, आपले नियम.

आता दुसरी बाजू.

वालिद म्हणजे निव्वळ गुण गोळा करणारा स्पर्धक, अशी एक समजूत आहे आणि ती साफ चुकीची आहे. त्याचा वस्ताद कार्लसन हा एलिओंचा पुतण्या. १९५५ मध्ये वाल्देमार सांताना या एकेकाळच्या शिष्याने एलिओंना पावणेचार तासांच्या आसपास चाललेल्या लढतीत हरवलं, तेव्हा घराण्याची अब्रू राखायला सांतानासमोर उभा राहिला तो कार्लसन, वयाच्या पंचविशीच्या आत. पुढे त्याने कोपाकबानातच तालीम थाटली. घराण्याची जुनी रीत म्हणजे पैसेवाल्या विद्यार्थ्याला एकेकट्याने शिकवणं. कार्लसनने एकाच मॅटवर मोठा घोळका जमवला, ज्यांच्या खिशात पैसे नव्हते अशांनाही घेतलं, आणि त्यांना एकमेकांवर सोडून दिलं. त्या घोळक्याने ब्राझीलमधल्या गीच्या स्पर्धा वर्षानुवर्षं गाजवल्या आणि तीच माणसं वाले तुदोमध्येही, म्हणजे ठोसे-लाथा सगळं चालणाऱ्या उघड्या मुठींच्या लढतींतही, उतरली.

वालिद त्यांतलाच. १९९१ मध्ये रिओत जिउ-जित्सू विरुद्ध लुता लिव्रे असा जाहीर सामना झाला, ब्राझीलच्या टीव्हीवर दिसला. लुता लिव्रे म्हणजे गी न घालता लढणाऱ्यांचं घराणं, आणि दोघांमध्ये पिढ्यांचं हाडवैर. वालिदची गाठ एउजेनिओ तादेऊशी पडली. ठोसे, लाथा, गुडघे सगळं चालू होतं. तादेऊ रिंगच्या बाहेर गेला आणि परत आत आला नाही, वालिद जिंकला. म्हणजे १९९८ ला किनाऱ्यावर उभा असलेला माणूस आदल्या दशकभरात गीमध्येही लढला होता आणि नाक फोडून घेण्याच्या खेळातही.

आता त्या पाच मिनिटांकडे. शेवटी रॉयस गुडघे आणि कोपरं टेकवून, डोकं आत घेऊन, कासवासारखा झाला आणि वालिद त्याच्या बाजूला. मग वालिदने लावलेल्या डावाला पोर्तुगीजमध्ये रेलोजिओ म्हणतात, म्हणजे घड्याळ. कासवाच्या काखेखालून एक हात घालून कॉलर ओढून द्यायची, मानेखालून गेलेल्या दुसऱ्या हाताने ती खोलवर पकडायची. कमरेचा सगळा भार समोरच्याच्या खांद्यावर टाकायचा आणि पाय समोरच्याच्या डोक्याच्या दिशेने सरकवत न्यायचे, काटा फिरतो तसे. जितकं फिराल तितकी कॉलर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर आवळते. श्वास चालू असतो, पण डोक्याकडे जाणारं रक्त अडतं आणि काही सेकंदांत माणूस झोपतो. ज्याच्यावर हा डाव बसलाय त्याला विचारा. दुखण्याच्या आधी अंधार येतो.

कासव हा आसरा आहे, आणि कुठलाही आसरा समोर कोण आहे यावर अवलंबून असतो. आपल्याकडच्या मातीतल्या पैलवानाला हे वेगळं सांगायला नको. पाठ मातीला लागली की चीत, म्हणून खाली गेलेला गडी छाती मातीला चिकटवून पडतो आणि वरचा घामाघूम होतो. ही सवय हाडात मुरलेली असते. आमच्याकडे तालमीतून आलेली पोरं पहिल्या दिवशी उभ्याने सगळ्यांना लोळवतात, पट काढून मॅटवर आपटतात. पण खाली गेली की सवयीने पालथी होतात, आणि चार महिने शिकलेला आयटीतला मुलगा मागून चढून त्यांचा गळा आवळतो. त्यांची ताकद कमी पडत नाही. त्यांच्या खेळात पाठ दाखवण्याची शिक्षा नव्हती, म्हणून शरीराला ती माहीतच नसते. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मातीतला हा मल्ल मॅटवर आणि परक्या नियमांत सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. मधल्या काळात बदलला तो त्यांचा सराव.

रॉयसचं उलटं झालं. यूएफसीत त्याच्यासमोर आलेल्या बहुतेकांना जमिनीवर काय करायचं ते माहीत नव्हतं. सेव्हर्नसारख्या कसलेल्या पैलवानालाही माहीत नव्हतं, नाहीतर तो पंधरा मिनिटं गार्डमध्ये बसून राहिला नसता. अशा माणसांसमोर तग धरून वाट बघणं हा उत्तम डाव आहे, कारण ते चूक करणारच. वालिद चूक करणार नव्हता. ज्या प्रत्येक आसऱ्याला रॉयस सुरक्षित समजत होता, त्या प्रत्येकाची कुलूपं फोडायचं काम वालिद कार्लसनच्या मॅटवर रोज, त्याच आसऱ्यात बसलेल्या ब्लॅक बेल्टांवर करत होता. गुण आणि वेळ काढून टाकण्याची जी अट रॉयसने आपल्या फायद्यासाठी घातली, तिचा फायदा झालाच असता, पण विसाव्या मिनिटाला. तिथवर पोचायला आधी पहिली पाच मिनिटं काढावी लागतात.

मग "ठोसे असते तर" या प्रश्नाचं काय? ठोसे असते तर लढत वेगळी झाली असती, हे खरं. पण कासवासाठी ती जास्त वाईट झाली असती. गुडघ्यांवर आणि कोपरांवर वाकलेल्या माणसाला कानशिलावर बुक्क्या बसतात आणि त्याला त्या दिसतही नाहीत. म्हणजे ज्या स्थितीने रॉयस हरला, ती स्वसंरक्षणातही हरण्याचीच स्थिती होती. फरक इतकाच की गीमध्ये शिक्षा कॉलरने दिली.

इथे मला आमच्या स्वसंरक्षणवाल्या मित्रांशी थोडं भांडायचंय. गुण म्हणजे खेळाचा चाळा, असं ते म्हणतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आजच्या नियमांत पाडल्याचे २, खालून उलटवल्याचे २, पोटावर गुडघा ठेवल्याचे २, गार्ड (खालच्याचे पाय) ओलांडल्याचे ३, माउंटचे ४, पाठ घेतल्याचे (मागून पाठीवर चढल्याचे) ४, आणि स्थिती तीन सेकंद टिकवावी लागते. ही चढण बघा. माउंट आणि पाठ सगळ्यात महाग, कारण तिथून वरचा माणूस मारू शकतो आणि खालचा मारू शकत नाही. ही यादी कुणीतरी मारामारी डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे. १९६७ मध्ये ग्वानाबारा राज्यात (म्हणजे आजच्या रिओ शहरात) जिउ-जित्सूचा महासंघ निघाला तेव्हा त्याच्या मुळाशी हेच ग्रेसी कुटुंब होतं. नंतर गुणांवर सगळ्यात जास्त नाराजही त्याच घरातले.

स्पर्धावाल्यांशी भांडण वेगळ्या जागी आहे. वर्षं गेली तशी यादी तीच राहिली आणि माणसं तिच्या फटींत शिरली. उभ्याने झटापट नको म्हणून समोरच्याची बाही धरून थेट ढुंगणावर बसायचं, त्याला गार्ड ओढणं म्हणतात आणि स्पर्धेत ते शहाणपणाचं आहे. डांबरी रस्त्यावर, समोरच्याचा मित्र बाजूला उभा असताना तेच करून बघा. गार्ड ओलांडला जातोय असं दिसलं की ३ गुण वाचवायला पटकन कासव व्हायचं, हीसुद्धा स्पर्धेतलीच सवय. आणि वर म्हटल्याप्रमाणे ती दोन्हीकडे महागात पडू शकते. मला विचाराल तर कासवाची सवय ही गार्ड ओढण्यापेक्षा वाईट. गार्ड ओढताना निदान तुम्ही ठरवून खाली बसता.

याउलट पोटावर गुडघा. स्पर्धेत २ गुणांची, हलकी समजली जाणारी स्थिती. रस्त्यावर माझ्या मते सगळ्यात मोलाची. समोरचा दाबलेला राहतो, तुमचे दोन्ही डोळे आजूबाजूला फिरू शकतात आणि क्षणात उठून पळता येतं. माउंटवर बसलात तर उठायला वेळ लागतो.

कपड्यांचा मुद्दा राहिलाच. घड्याळ चोक (चोक म्हणजे गळा आवळण्याचा डाव) गीच्या जाड कॉलरवर चालतो. पुण्याच्या उन्हाळ्यात अंगात टी-शर्ट. तो ओढला तर गळा आवळण्याआधी फाटतो. डिसेंबरात जॅकेट असलं की पुन्हा गीसारखंच. ओढणी गळ्याभोवती असेल तर ती समोरच्याच्या हातातलं हत्यार आहे, आमच्याकडे येणाऱ्या मुलींना हे पहिल्याच आठवड्यात करून दाखवतो. म्हणून आठवड्यातून निदान एकदा गी उतरवून सराव.

या प्रकरणातून आम्ही आमच्या सरावात काय बदललं, ते सांगतो. हे काही शास्त्र नाही, तीन संध्याकाळी वेळ काढून येणाऱ्या नोकरदारांसाठी बसवलेली घडी आहे.

सगळ्यात आधी "स्वसंरक्षणाचा वेगळा तास" बंद केला. त्या तासाला समोरचा मनगट धरायचा, आपण सोडवायचं, आणि तो मुकाट सोडवून द्यायचा. सगळ्यांना आपण फार भारी आहोत असं वाटायचं. खरा विरोध करणारा जोडीदार मिळाल्याशिवाय कुठलाही डाव डाव नसतो, आणि असा जोडीदार तुम्हाला स्पर्धेची तयारी करणारी मंडळीच देतात. वालिदला तो रोज मिळत होता. त्यामुळे आता सगळे एकत्रच रोल करतात, म्हणजे सरावाची झुंज खेळतात, फक्त दर पाचवा रोल वेगळा असतो.

त्याला आम्ही चापट रोल म्हणतो. नियम नेहमीचेच, पण उघड्या तळव्याने हलकी चापट मारता येते, डोक्यालाही. वरच्याला हाताला पातळ ग्लोव्ह. पहिल्या दिवशी सुंदर, गुंतागुंतीचा ओपन गार्ड (पाय मोकळे ठेवून) खेळणारे दोन ब्लू बेल्ट एका मिनिटात जुन्या क्लोज्ड गार्डवर (पाय समोरच्याच्या कमरेभोवती गुंडाळून) आले, समोरच्याचं डोकं छातीशी ओढून धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. चापटीने सांगितलं. कासव तर दोन आठवड्यांत जवळपास नाहीसं झालं.

कधी भिंतीला पाठ लावून सुरुवात करतो, कधी खालच्याला एकच काम देतो: उठ आणि दार गाठ. तिसरा माणूस बाजूला उभा असतो आणि मधेच कधीतरी पुढे येतो. जो खाली कुलूप लावून मजेत बसलेला असतो त्याची मजा तेव्हा संपते. सुरीबद्दल मात्र आम्ही फार बोलत नाही. रबरी सुरी आणि मार्कर घेऊन एकदा खेळलो, सगळ्यांच्या गींवर शाईच्या रेघा उमटल्या, आणि पळण्याचा सराव जास्त करायचा असं ठरलं.

स्पर्धा तोंडावर आली की शेवटचे सहा आठवडे हे सगळं बंद. तेव्हा फक्त गुण, घड्याळ, पकडी आणि कोपऱ्यातून ओरडणारा माणूस. त्यात मला काही गैर वाटत नाही. प्रौढ ब्लॅक बेल्टची लढत दहा मिनिटांची, व्हाइट बेल्टची पाच. त्या पाच मिनिटांत ओळखीचा नसलेला माणूस जिवाच्या आकांताने तुम्हाला दाबतो, घसा कोरडा पडतो, हात बधिर होतात. एवढी भीती आमच्या छोट्या मॅटवर, रोजच्या ओळखीच्या माणसांत तयार करता येत नाही.

एक गोष्ट स्पर्धा शिकवत नाही आणि ती वेगळी सांगावीच लागते. स्पर्धेत टॅप झाला किंवा माणूस झोपला की पंच सोडवतो. रस्त्यावर पंच नाही. समोरचा बेशुद्ध झाल्यावर पकड सोडायची ती तुम्हीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे, आणि बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येणार नाही हेही त्यातच आहे. झोपलेल्या माणसाचा गळा आणखी दहा सेकंद धरला तर तो बचाव राहत नाही. म्हणून चापट रोलमध्ये चोक बसला की धरणाऱ्याने मोठ्याने "सोडला" म्हणायचं आणि मागे सरकून उभं राहायचं, हे आम्ही सवयीत घातलं.

रॉयसचं पुढे काय झालं? तो थांबला नाही. २००० साली १ मे रोजी टोकियोत काझुशी साकुराबाशी त्याची लढत ठरली. याही वेळी त्याच्या बाजूने वेळेची मर्यादा नको अशी अट घातली. पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, हव्या तितक्या. तो ९० मिनिटं लढला, पाय साकुराबाच्या लाथांनी सुजून निकामी झाला, आणि शेवटी त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. साकुराबा पेशाने कुस्तीगीर, पण तोवर त्याने रॉयसच्या भावाला, रॉयलरलाही हरवलेलं होतं.

परवा आमच्याकडे कोल्हापूरकडचा एक नवा गडी आला, तालमीत वाढलेला. पहिल्याच रोलला खाली गेला आणि पालथा झाला. वरच्या मुलीने त्याची कॉलर धरली, पण आवळली नाही, कानाजवळ दोनदा तळवा टेकवला फक्त. तो उठून बसला आणि विचारत होता, "ताई, मग पाठीवर पडायचं म्हणता? आमचे वस्ताद मारतील की!"